तुमचा जुना मराठी मजकूर आज उघडतो का? (अनुभव धागा)

संगणकावर मराठीत लिहिणाऱ्या किमान दोन पिढ्यांचे लेखन आज अशा फाइलींमध्ये पडून आहे, ज्या उघडायच्या तर एका ठराविक कंपनीचा फॉन्ट लागतो, त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि कित्येकदा संगणकाच्या पाठीमागे खोचायचे 'लॉक'ही, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण, लागते. संगणकात भारतीय लिप्यांतील कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवणारे 'इस्की' हे मानक १९९१ साली जाहीर झाले. जगातील सगळ्या लिप्यांसाठी असेच क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. पुढे विंडोज २०००पासून वेगळा फॉन्ट विकत न घेताही मराठी लिहिता येऊ लागले. तरीही छपाई, कार्यालये आणि नियतकालिके यांचे बरेचसे काम त्यानंतर अनेक वर्षे जुन्या फॉन्टांमध्येच चालू राहिले, आणि काही ठिकाणी ते आजही तसेच चालते.

हे का घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे वापरणाऱ्यांकडूनच कळावे, यासाठी हा धागा काढत आहे. आपण कशात लिहीत होतात, तो मजकूर आज आपल्या हाती आहे का, नवे साधन निवडताना कशाचा विचार केलात आणि त्या निवडीत काय गमावले, हे कृपया सविस्तर लिहावे. माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे: मजकुरावर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि तो बाहेर काढण्याची वाट अडवणारे सॉफ्टवेअर कितीही सोयीचे असले तरी विकत घेण्याजोगे नसते. याहून वेगळा अनुभव असेल तर तोही अवश्य लिहावा.

पुणे, अक्षरजुळणीचा व्यवसाय

आमचे काम मुख्यतः पुस्तकांचे असल्यामुळे हा प्रश्न आमच्या टेबलावर रोज येतो. जुन्या फॉन्टांची रचना समजून घेतल्याशिवाय यातील अडचण ध्यानात येत नाही, म्हणून आधी ती सांगतो. त्या फॉन्टांमध्ये चिन्हांसाठी जास्तीत जास्त २५६ जागा असत आणि मराठीतील सगळी जोडाक्षरे त्यांत मावणे शक्य नव्हते. त्यामुळे अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार असे अक्षरांचे तुकडे करून ते इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले जात. पडद्यावर आणि कागदावर उत्तम मराठी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असे. कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते, आणि म्हणूनच एका कंपनीच्या फॉन्टातील परिच्छेद दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात नेला की त्याचा अर्थहीन गोंधळ होई.

युनिकोड उपलब्ध असताना डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावणाऱ्यांनी, ते का स्वीकारले नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. आम्ही सगळे ज्यावर पाने लावत होतो त्या पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि तिला युनिकोड कळत नव्हते. पाने लावण्याच्या इनडिझाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवण्याची सोय २०१२च्या सीएस ६ आवृत्तीत आली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ छपाईच्या दर्जाचे मराठी पान युनिकोडमध्ये लावण्याचा व्यवहार्य मार्ग आमच्यासारख्यांपुढे नव्हताच. या काळात फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनी आम्हाला खरोखर मदत केली, देखणी वळणे दिली, हेही मान्य केले पाहिजे.

मला राग आहे तो पुढच्या वागणुकीचा. आमच्याकडील सॉफ्टवेअरचे लॉक जुन्या प्रिंटर पोर्टला लावायचे होते आणि नव्या संगणकांना तसे पोर्टच उरले नाही. लॉक बदलून मिळावे अशी विनंती केली, तेव्हा संबंधित कंपनीने नवी आवृत्ती पूर्ण किमतीला घेण्यास सांगितले. पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर चालू स्थितीत होते आणि त्यात अनेक लेखकांची पुस्तके होती, पण ती उघडण्यासाठी आम्हाला विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक जपून ठेवावा लागला. एक्सपीचा अधिकृत पाठिंबा एप्रिल २०१४मध्येच संपला असल्याने तो संगणक आम्ही इंटरनेटला कधीही जोडत नाही. लेखकाची दुसरी आवृत्ती निघणार की नाही हे अशा एका यंत्राच्या आयुष्यावर ठरावे, हे मला कोणत्याही दृष्टीने योग्य वाटत नाही. आता काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक लेखकाला छपाईच्या पीडीएफबरोबर संपूर्ण मजकुराची साधी युनिकोड फाइलही आम्ही देतो आणि त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

सांगली, नियतकालिकांच्या सूचीचे काम

आमच्या भागातील एका वार्षिकाच्या जुन्या अंकांची लेखसूची करण्याचे काम मी करते. अंकांच्या फाइली मिळाल्या, पण त्यांत शोध घेता येईना, कारण शोधायचा शब्द मराठीत आणि फाइलीतील मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीत. अकारविल्हे लावणेही त्याच कारणाने अशक्य होते. शेवटी छापील अंक समोर ठेवून लेखांची शीर्षके नव्याने टंकित केली.

युनिकोडमध्ये आल्यावर सगळे प्रश्न सुटतात असे मात्र नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे लेखन आणि आजही काही की-बोर्डांवरून होणारे लेखन 'अ'ला चंद्र जोडून केलेले असते. दोन्ही दिसायला सारखे असले तरी शोधात एक सापडते आणि दुसरे निसटते. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतील 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'सुद्धा दोन रीतींनी लिहिले जातात. सूची करणाऱ्याने सुरुवातीलाच एक रीत ठरवून सर्व नोंदी तिच्यात आणून घ्याव्यात.

नाशिक, पडदावाचक वापरणारा पदव्युत्तर विद्यार्थी

मी पूर्णतः दृष्टिहीन असून माझे सर्व वाचन पडदावाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होते. मी एनव्हीडीए हा पडदावाचक वापरतो. ते २००६ साली ऑस्ट्रेलियात एका दृष्टिहीन तरुणाने सुरू केले, ते मुक्त (म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे) आणि विनामूल्य आहे, आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. उच्चार यांत्रिक असला तरी सवयीने तो पूर्ण समजतो.

जुन्या फॉन्टात तयार केलेली पीडीएफ माझ्यापुढे येते, तेव्हा डोळस माणसाला त्यात सुवाच्य मराठी दिसत असते आणि मला इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग ऐकू येते. माझ्या अभ्यासक्रमाच्या टिपणांपैकी बराच भाग असाच होता. संबंधित विभागाला मी हे सांगितले, तेव्हा फाइल त्यांच्याकडे व्यवस्थित उघडते, असे उत्तर मिळाले. त्यांच्या बाजूने ते खरेही होते, आणि दोष डोळ्यांना दिसतच नाही हीच या प्रकारातील सर्वांत कठीण बाब आहे.

यावर जो उपाय सापडला तो लांबचा आहे. पीडीएफच्या प्रत्येक पानाचे आधी चित्र करायचे आणि मग टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरकडून त्या चित्रातील मराठी अक्षरे ओळखून घ्यायची. म्हणजे जो मजकूर कोणीतरी टंकित केलेलाच होता, त्याचे चित्र करून पुन्हा मजकूर मिळवायचा, आणि त्यात ओळखीच्या चुका राहतात त्या वेगळ्याच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये माहिती सुगम स्वरूपात देण्याची तरतूद आहे. युनिकोडमधील साधी फाइल दिली तर माझ्यापुरते तिचे पालन जवळजवळ पूर्ण होते आणि त्याला काही खर्चही येत नाही. फॉन्ट निवडणे हा सौंदर्याचा किंवा सवयीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्या बाजूने पाहावा, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

बीड, मराठी टंकलेखक

थोडे वेगळे मत मांडतो. माझी बोटे यंत्रावरच्या टंकलेखनाला सरावलेली आहेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टंकलेखन परीक्षेत मिनिटाला ३० आणि पुढे ४० शब्दांची गती लागते आणि ती गती बोटांना कळांच्या जागा पाठ झाल्याशिवाय येत नाही. कार्यालयात युनिकोडचा आदेश आला तेव्हा त्यासोबत इन्स्क्रिप्ट ही की-बोर्डावरील कळांची वेगळी मांडणीही आली. ती शास्त्रशुद्ध आहे, सर्व भारतीय लिप्यांना समान आहे, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने अशी तिची रचना नव्या माणसाला लवकर समजते, हे सारे मला मान्य आहे. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या टंकलेखकाला एका दिवसात ती सक्तीची करणे म्हणजे त्याचे कौशल्य शून्यावर आणणे होते, आणि अनेकांनी या बदलाला विरोध केला तो युनिकोडला नव्हे, तर या सक्तीला.

टंकलेखन यंत्राची मांडणी तशीच ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. ते समजल्यावर आमच्या विभागातील विरोध आपोआप मावळला. नवे सॉफ्टवेअर आणणाऱ्यांनी ते वापरणाऱ्यांना आधी विचारले असते, तर मधला त्रासाचा काळ टळला असता.

न्यू जर्सी, मराठी शाळेतील स्वयंसेवक शिक्षिका

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेत चालणाऱ्या मराठी शाळांपैकी एकीत मी शिकवते. आमच्याकडे संगणक, फोन आणि टॅबलेट सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, त्यामुळे जुन्या फॉन्टातील सरावपत्रिका पालकांना पाठवली की निम्म्या घरांत ती वाचता येत नसे. युनिकोडमुळे हा प्रश्न संपला आणि लगेच दुसरा उभा राहिला. अनेक उपकरणांत आधीपासून असलेल्या देवनागरी फॉन्टात 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे दिसतात. मी फळ्यावर पाकळीयुक्त 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' काढते आणि मुलांना पत्रिकेत वेगळीच अक्षरे दिसतात. सात वर्षांच्या मुलासाठी ती दोन निराळी अक्षरे असतात.

फॉन्टात मराठी वळणे असली तरी मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवल्याखेरीज काही सॉफ्टवेअर ती दाखवत नाही. म्हणून आम्ही मराठी वळण देणारा मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडतो, भाषा मराठी ठरवतो आणि फॉन्ट आत समाविष्ट केलेली पीडीएफ पाठवतो. फॉन्टाचा परवाना मुक्त असल्यामुळे तो पालकांनाही बिनदिक्कत देता येतो, हे आमच्यासारख्या स्वयंसेवी कामात फार महत्त्वाचे आहे.

मडगाव, बँकेत नोकरी

माझा अनुभव फोनवरील की-बोर्डाचा आहे. एक विनामूल्य मराठी की-बोर्ड मी घेतला होता. तो बसवताना, टंकित केलेला सर्व मजकूर, अगदी पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकसुद्धा, हे ॲप गोळा करू शकते, अशी सूचना अँड्रॉइड दाखवते. ही सूचना सर्वच बाहेरच्या की-बोर्डांसाठी येते म्हणून लोक ती वाचत नाहीत. काही दिवसांनी त्या की-बोर्डात जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा मी तो काढून टाकला. जाहिरात दाखवायची तर ॲपला इंटरनेट लागते, आणि अक्षरे उमटवण्याच्या कामाला इंटरनेटची गरज असू नये असे माझे ठाम मत आहे. आता मी केरळमधील स्वयंसेवकांच्या प्रयत्नांतून तयार झालेला, मुक्त स्रोताचा 'इंडिक की-बोर्ड' वापरतो. शब्द सुचवण्यात तो काहीसा मागे आहे, ते मी चालवून घेतले आहे.

कोल्हापूर, लहान प्रकाशन

इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०१३ साली आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याऐवजी केवळ भाड्याने देण्याचे जाहीर केले. वर्षाला मोजकी पुस्तके काढणाऱ्या आमच्यासारख्यांना कामे नसलेल्या महिन्यांतही भाडे भरणे जड जाते, आणि भरणे थांबवले तर आपल्याच पानांत दुरुस्ती करता येत नाही. म्हणून आम्ही स्क्रायबस हे पाने लावण्याचे मुक्त सॉफ्टवेअर वापरून पाहिले. देवनागरी जुळणी सांभाळणारी त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४मध्ये आली. कवितासंग्रह आणि साधे गद्य यांसाठी ते आम्हाला पुरते. तळटिपांनी भरलेल्या संशोधनपर ग्रंथाला ते अजून पुरेसे नाही, आणि अशा कामासाठी आम्ही भाड्याचेच सॉफ्टवेअर वापरतो. मूळ संहिता मात्र लिबरऑफिस या लेखनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ओपन डॉक्युमेंट या फाइल-स्वरूपात ठेवतो. ते स्वरूप २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक असल्याने उद्या लिबरऑफिस सोडावे लागले, तरी संहिता दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल.

आमच्या जुन्या पुस्तकांचे रूपांतर अजून बाकी आहे. पुण्याच्या व्यावसायिकांनी ते कसे करावे, हे लिहिले तर उपकार होतील.

पुणे, अक्षरजुळणीचा व्यवसाय (उत्तर)

आधी फाइलीत नेमके कोणते फॉन्ट वापरले आहेत याची यादी करावी, कारण एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही तुकड्यांच्या जागा वेगळ्या असू शकतात. मजकूर साधा करून मग रूपांतर करू नये. तसे केल्यास कोणता शब्द कोणत्या फॉन्टात होता ही माहिती नाहीशी होते आणि मधले खरे इंग्रजी शब्दही निरर्थक देवनागरीत बदलतात. संपूर्ण पुस्तक घेण्याआधी एक चाचणीचे पान तयार करावे आणि त्यात रफार, पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरे, 'ऱ्य', 'ज्ञ', 'श्र', आकडे आणि अवतरणचिन्हे मुद्दाम घ्यावीत, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी आणि युनिकोडमध्ये नंतर येते, त्यामुळे 'स्थिती', 'शक्तिमान', 'प्रसिद्ध' अशा शब्दांवर विशेष लक्ष असू द्यावे. रूपांतरानंतर छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करावेच लागते आणि त्याचा खर्च आधीच धरावा. जुनी फाइल, तिचे फॉन्ट आणि जुनी पीडीएफ या तिन्ही गोष्टी एकत्र जपून ठेवाव्यात. तुमच्या फाइली कोणत्या फॉन्टात आहेत ते इथे कळवलेत, तर चाचणीचे पहिले पान मी तपासून देईन.