शेजाऱ्यांच्या परसातली झाडं बोन्सायसाठी कशी मागावीत?

वाड्यावरची (फोंडा), 11 मे
नमस्कार. चार वर्षं बोन्साय करते आहे, पण सगळी नर्सरीतल्या रोपांची. खोड अजून अंगठ्याएवढंच. कुंडीत वाढवून जाड व्हायला किती वर्षं लागतात, ते इथे सगळ्यांना माहीत आहे.
आणि आमच्याच वाड्यावर रोज येता-जाता तीन झाडं दिसतात. एका काकींच्या विहिरीच्या कठड्यात पिंपळ आलाय, मनगटाएवढा. चिऱ्यांच्या सांध्यात दबून त्याची मुळं पट्टीसारखी चपटी झालीत. पुढचं एक जुनं घर पावसाळ्यानंतर पाडणार आहेत, त्याच्या फाटकावर मांडीएवढ्या खोडाची बोगनवेल आहे. तिसऱ्या घरी छान डाळिंब आहे, पण ते त्यांना हवंय, दरवर्षी फळं धरतात.
मागायचं कसं? कधी काढायचं? आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडणार नाहीत असं काय करता येईल?

साखळीकर
मी अशी सात-आठ झाडं आणलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
"झाड द्याल का" असं विचारू नका. त्या प्रश्नावर माणसाला आपल्या घरातलं काहीतरी जातंय असं वाटतं. "हे काढायचं ठरलं तर फेकण्याआधी मला हाक माराल का?" असं विचारा. सोबत आपली एक बरी कुंडी घेऊन जा. नुसतं बोन्साय म्हटलं की वयस्कर लोकांना झाडाचे हाल करणं वाटतं, पण पाणी घातलेलं, पालवी फुटलेलं झाड समोर ठेवलं की बोलणंच बदलतं.
विहिरीतला पिंपळ तर तुमच्याकडे चालून येईल. कठडा फुटतोय हे काकींना दिसत असणार, पण पिंपळावर कोयता घालायला कोणी धजावत नाही. गडीसुद्धा नको म्हणतात. तुम्ही तो जिवंत नेताय म्हटल्यावर त्यांच्या मनावरचा भार उतरेल. औदुंबराचंही तसंच.
खड्डा त्याच दिवशी बुजवा. कठड्याचा चिरा हलला तर गवंडी आणून बसवून द्या, पैसे आपले. आणि वर्षाने झाड दाखवायला न्या.
एक सांगतो. एका शेजारीणबाईंची जुनी तगर मी एप्रिलच्या उन्हात काढली, कारण त्यांना कुंपण घालायची घाई होती. महिन्याभरात वाळली. त्या भेटल्या की विचारायच्या, "तगर कशी आहे?" शेवटी घरी जाऊन खरं सांगितलं आणि त्याच जातीचं रोप लावून दिलं. तेव्हापासून घाईचं झाड घेत नाही.

काणकोणची बागाईत
वेळ: पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे जूनचा मध्य. हवेत ओल असते, पानं सुकत नाहीत. उशिरात उशिरा जुलैअखेर.
बोगनवेल सोपी. फांद्या हातभर ठेवून छाटा, वीतभर मुळांचा गोळा पुरे. पण तिचं लाकूड मऊ, कापलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि खोड आतून कुजतं. आपल्याकडच्या पावसात तर हमखास. मोठे काप मेणाने बंद करा आणि कुंडी पागोळीखाली ठेवू नका.
चिंच, करवंद किंवा कोणतंही सोटमूळवालं झाड असेल तर एका दमात काढू नका. या पावसाळ्यात अर्ध्या बाजूने चर खणून मुळं तोडा, चरात वाळू आणि शेणखत भरा. पुढच्या पावसाळ्यात उरलेली बाजू, आणि मग झाड. तोवर बुंध्याजवळ बारीक मुळं आलेली असतात. शेजाऱ्यांना आधीच सांगा, दोन वर्षांचं काम आहे.

पेडण्याहून
आंबा, फणस दिले तरी आणू नका. पान लहान होत नाही, कुंडीत शोभत नाही. वड, कुंती, चिंच, डाळिंब, बोगनवेल मिळाली तर सोडू नका.

म्हापसेकर
एक महत्त्वाचं. गोव्यात 1984 पासून वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तो खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू होतो. मांडीएवढ्या खोडाची गोष्ट असेल तर घरमालकाला आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारायला सांगा. झाड त्यांच्या जागेत आहे, त्रास त्यांना व्हायला नको. भाडेकरूने "न्या" म्हटलं तरी मालकाचा होकार घ्या. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीत खणू नका. सड्यावर वाऱ्याने वाकलेली करवंदं बघून हात शिवशिवतात, पण ती तिथेच राहू देत.

कुळागरातला
डाळिंबाबद्दल कोणी बोललं नाही. झाड मागूच नका, एक फांदी मागा. गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवा, मग कापा.
अंगठ्याएवढी जाड, जरा वळणाची फांदी निवडा. दोन बोटं रुंद सालीचं कडं सोला, आतला हिरवट बुळबुळीत थर सुरीने खरवडून काढा, नाहीतर साल परत जुळते. ओलं शेवाळ मुठीत पिळून भोवती लावा, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. जूनच्या शेवटी बांधली तर दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. त्यांचं झाड जागेवर, फळंही जागेवर. आणि दोन गुट्या बांधा, एक त्यांना द्या.

आजोळ डिचोली
पिंपळ घरात ठेवू नये असं आमच्याकडे मानतात. तुमच्या घरच्यांना विचारलंत का?

साखळीकर
बरोबर आहे, विचारायलाच हवं. माझा अंगणात आहे, वृंदावनापासून थोडा दूर. आईची हरकत नाही, शनिवारी तीच पाणी घालते. तसंही पिंपळाला ऊन लागतं, घरात तो टिकायचा नाही.

वाड्यावरची (फोंडा), 24 ऑगस्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.
काकींकडे वडाची कुंडी घेऊन गेले. त्यांनी ती मांडीवर घेतली, पानं चाचपली आणि म्हणाल्या, "व्हर गो बाय, पूण मरूंक दिवं नाका." (ने गं बाई, पण मरू देऊ नकोस.) 18 जूनला गवंड्याने छिनीने सांधे मोकळे केले, मी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळत गेले. एक मूळ चिऱ्याला इतकं चिकटलं होतं की चिऱ्याचा कपचा घेऊनच निघालं. तो तसाच ठेवलाय. प्लास्टिकच्या टबात विटांचा चुरा, नदीची वाळू आणि थोडं शेणखत घातलं. हलू नये म्हणून खोड सुतळीने टबाला बांधलं. तीन आठवडे काहीच नाही, मग खोडावर लाल टोकं आली. आता अकरा पानं आहेत.
डाळिंबाच्या दोन्ही गुट्यांत पांढरी मुळं दिसताहेत. एक चवथीच्या आधी त्यांना देईन.
बोगनवेल सोडली. मालक बाहेरगावी असतात, त्यांचा होकार मिळाला नाही.
पिंपळ बोन्सायच्या उथळ तबकात कधी घालू?

काणकोणची बागाईत
दोन पावसाळे टबातच राहू दे. आणि खत ऑक्टोबरपर्यंत अजिबात नको. कपच्याचा फोटो टाका.