शब्दचर्चा: ‘पर्यंत’चे इंग्रजी ‘बाय’ की ‘टिल’?

बेलापूरहून, प्रश्न:

मी एका मालवाहतूक कंपनीत निर्यातीची कागदपत्रे पाहतो. न्हावा शेव्याहून जहाज सुटण्याआधी शिपिंग लाइन कागदपत्रांसाठी आणि कंटेनरसाठी जी मुदत देते, तिला आमच्या व्यवसायात ‘कट-ऑफ’ म्हणतात. माझ्या दिवसभरातली निम्मी पत्रे काहीतरी कट-ऑफपर्यंत देण्याची, मागण्याची किंवा ते न दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याची असतात. गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टो बंदरातल्या एजंटाला मी लिहिले, ‘वी विल सेंड यू द ड्राफ्ट बीएल टिल थर्सडे.’ (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती.) त्याचे उत्तर आले की, गुरुवारपर्यंत तुम्ही मसुदे पाठवतच राहणार असाल तर एकूण किती येतील ते कळवा, म्हणजे तपासायला एक माणूस बसवून ठेवतो. थट्टा सभ्य होती, पण सीसीत आमचे साहेब होते.

तिथे ‘बाय’ हवे होते, एवढे साहेबांनी सांगितले. का हवे होते, ते मात्र त्यांनाही सांगता आले नाही. शाळेत आम्ही ‘पर्यंत म्हणजे टिल’ असेच वहीत उतरवून घेतले होते. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘पर्यंत’ हा एकच शब्द येत असेल, तर मराठीत विचार करणाऱ्या माणसाने इंग्रजी शब्द निवडायचा कसा? ‘इंग्रजीतच विचार करा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला ठाण्यातल्या दोन क्लासांनी पैसे घेऊन दिलेला आहे.

नौपाडा, ठाणे येथून:

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे त्या वहीतल्या ओळीचे थोडे पाप माझ्याही माथी आहे. आपण इंग्रजीत विचार करण्याची गरज नाही, उलट मराठीचाच थोडा अधिक विचार करावा लागेल.

‘पर्यंत’ हा शब्द ‘परि’ आणि ‘अंत’ यांचा संधी होऊन झाला आहे. तो फक्त कड दाखवतो. त्या कडेपर्यंत काहीतरी अखंड चालू आहे, की तिच्या अलीकडे कुठेतरी एकदाच काही घडून जाणार आहे, हे सांगण्याचे काम त्याचे नाही. मराठीत ते काम क्रियापद करते. घरातलेच उदाहरण घ्या. ‘मी येईपर्यंत थांब’ आणि ‘मी येईपर्यंत कुकर लाव’ ही दोन वाक्ये ऐकून कोणाचाही गोंधळ होत नाही. पहिल्यात थांबणे माझ्या येण्यापर्यंत चालू राहायचे आहे. दुसऱ्यात कुकर एकदाच लावायचा आहे आणि मी दारात पाय ठेवीन तेव्हा ते काम उरकलेले असायला हवे. इंग्रजीने हा फरक क्रियापदावर सोडलेला नाही. पहिल्यासाठी ‘टिल’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’ किंवा ‘बाय द टाइम’ अशी तिने वेगवेगळी अव्यये ठेवली आहेत. म्हणून आपल्या वाक्यातले ‘टिल’ वाचताच त्या गृहस्थांनी ‘सेंड’ हे क्रियापद गुरुवारपर्यंत ताणले, आणि त्यांना आपण रोज एक मसुदा पाठवताना दिसू लागलात.

यावर माझी एक साधी परीक्षा आहे. मराठी वाक्यातल्या क्रियापदाला आधी ‘-त राहणे’ जोडून पाहावे आणि मग ‘-ऊन देणे, टाकणे, ठेवणे’ यांपैकी एखादे जोडून पाहावे. ‘गुरुवारपर्यंत मसुदा पाठवून देतो’ हे आपल्या मनातले वाक्य होते, ‘पाठवत राहतो’ हे नव्हते, म्हणून ‘बाय’. ‘साडेसहापर्यंत कचेरीत बसून राहीन’ येथे ‘राहणे’ शोभते, म्हणून ‘टिल’. आपण मराठी माणसे ही सहायक क्रियापदे दिवसभर अचूक वापरतो. पत्र इंग्रजीत लिहायला घेतले की तेवढी विसरतो.

जाता जाता एक सांगते. ‘टिल’ हे ‘अन्टिल’चे तोडलेले रूप आहे आणि म्हणून ते औपचारिक पत्रात वापरू नये, असा समज आहे, तो बरोबर नाही. दोहोंत ‘टिल’च जुना आहे. फक्त ‘टिल’मध्ये दोन एल आणि ‘अन्टिल’मध्ये एकच, हे लक्षात ठेवावे.

ऐरोलीहून:

हिंदीतल्या ‘तक’ची हीच अडचण आहे, त्यामुळे आमच्या मजल्यावर ही चूक मराठी, हिंदी दोघांकडूनही ऐकू येते. दिलासा म्हणून सांगतो, जर्मन भाषेतला ‘बिस’ हा शब्दही दोन्ही अर्थांनी चालतो, आणि इंग्रजी लिहिताना जर्मन सहकारी नेमके इथेच घसरतात.

बाईंच्या परीक्षेत मला मात्र एक फट दिसते. ‘मी येईपर्यंत दार उघडून ठेव’ या वाक्यात ‘ठेव’ आहे, तरी दार उघडेच राहायचे आहे. इथे ‘बाय’ लिहून कसे चालेल?

आमच्याकडे खरा घोळ अव्ययाचा नसून ‘ईओडी’चा आहे. ‘बाय ईओडी’ म्हणजे दिवस संपण्याच्या आत, पण दिवस कोणाचा? न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन झालेले असतात. आम्ही सातच्या आत काम पाठवायला धावतो आणि समोरच्याची सकाळ तेव्हा नुकती सुरू होत असते. आता मी तास आणि कोणत्या शहराचे घड्याळ, दोन्ही लिहितो.

नौपाडा, ठाणे येथून:

फट खरी आहे. ‘ठेवणे’ हे क्रियापद दुतोंडी आहे. ‘कुकर लावून ठेव’ यात काम उरकण्यावर भर आहे आणि ‘दार उघडून ठेव’ यात ते तसेच राखण्यावर. तेव्हा माझ्या यादीतून ‘ठेवणे’ वगळावे आणि शंका आलीच तर ‘झालेले असेल’ हा शेवट लावून पाहावा. ‘गुरुवारपर्यंत मसुदा पाठवून झालेला असेल’ हे वाक्य सरळ उभे राहते, ‘मी येईपर्यंत दार उघडून झालेले असेल’ म्हटले की मूळ अर्थच बदलतो.

वाशीहून:

मी बँकेत परदेशी व्यापाराच्या विभागात होतो आणि एलसीची, म्हणजे आयातदाराच्या वतीने बँक पैसे देण्याची जी हमी देते त्या लेटर ऑफ क्रेडिटची, कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या टेबलावर हे शब्द केवळ व्याकरणाचे राहत नाहीत. एका तारखेच्या फरकाने बँक कागदपत्रे नाकारू शकते. म्हणून पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने आपल्या नियमावलीत या शब्दांचे अर्थच ठरवून टाकले आहेत. तिची सध्याची आवृत्ती यूसीपी ६०० ही १ जुलै २००७ पासून लागू आहे आणि हे अर्थ तिच्या तिसऱ्या कलमात येतात. माल चढवण्याचा कालावधी सांगताना ‘टू’, ‘टिल’, ‘अन्टिल’, ‘फ्रॉम’ आणि ‘बिट्वीन’ हे शब्द आले तर उल्लेखलेली तारीख धरायची. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ आले तर ती वगळायची. म्हणजे ‘बिफोर १५ जून’ लिहिले असेल तर १५ तारखेला चढवलेला माल उशिरा चढवलेला ठरतो. गंमत अशी की पैसे देण्याची मुदत मोजायची असेल तेव्हा तोच ‘फ्रॉम’ तारीख वगळतो.

त्याच कलमात ‘ऑन ऑर अबाउट’ म्हणजे दिलेल्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोके धरून, असे सांगितले आहे. महिन्याची ‘बिगिनिंग’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ म्हणजे ११ ते २० आणि ‘एंड’ म्हणजे २१ पासून अखेरच्या दिवसापर्यंत. आपण ज्याला ‘महिनाअखेर’ म्हणतो ती अर्थातच दहा दिवसांची नसते, पण पगाराची वाट पाहणाऱ्याला विचारले तर वेगळे उत्तर मिळेल. शिवाय ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’ आणि ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हे शब्द, एखाद्या कागदपत्रातच ते लिहिण्याची अट नसेल तर, सरळ दुर्लक्षित करावेत, असा नियम आहे. कचेरीतल्या प्रत्येक पत्रात ‘एएसएपी’ लिहिणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

आपल्या प्रश्नातला ‘बाय’ त्या यादीत नाही. एलसीच्या छापील रचनेत माल चढवण्याची अंतिम तारीख, असा स्वतंत्र रकानाच असतो आणि त्यात नुसती तारीख लिहितात, त्यामुळे अव्ययाची वेळच येत नाही. मराठी शासकीय भाषेनेही ‘दिनांक ३१ मार्च रोजी किंवा त्यापूर्वी’ अशी रचना रूढ करून तोच मार्ग काढला आहे. ती जडभारी वाटते, पण ‘३१ मार्चच्या आत’ म्हटल्यावर ३१ तारीख धरायची की नाही, यावर मी काउंटरवर भांडणे पाहिलेली आहेत.

बेलापूरहून, मूळ प्रश्नकर्ता:

बाईंची परीक्षा मी दोन दिवस वापरून पाहिली. ट्रान्सहार्बरच्या गाडीत तुर्भे ते ठाणे उभ्याने जुनी पत्रे तपासली, तेव्हा सतरा पत्रांत ‘टिल’ सापडला आणि त्यांतले चौदा ‘बाय’ असायला हवे होते. एका पत्रावर मात्र परीक्षा चालली नाही. पैसे थकवणाऱ्या एका ग्राहकाच्या मालाबद्दल मी तिकडच्या एजंटाला लिहिले होते, ‘प्लीज डू नॉट रिलीज द कार्गो अन्टिल पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड.’ मराठीत मनात होते, ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत माल सोडू नका.’ एजंटाने फोन करून विचारले की नेमके काय करू. माझे वाक्य मला आजही बरोबरच वाटते.

नौपाडा, ठाणे येथून:

ते मराठी म्हणून बरोबरच आहे. ‘जोपर्यंत’च्या वाक्यात आपण जी स्थिती चालू आहे तिचे वर्णन करतो. पैसे न मिळण्याची स्थिती टिकून आहे, तेवढा काळ माल सोडायचा नाही. त्यामुळे मराठीला तिथे ‘नाही’ लागते. ‘अन्टिल’ला स्थितीशी देणेघेणे नसते. ती स्थिती ज्या क्षणी मोडते तो क्षण तो दाखवतो, आणि तो क्षण पैसे मिळण्याचा आहे. म्हणून ‘अन्टिल पेमेंट इज रिसीव्ह्ड’ एवढेच लिहायचे. आपल्या वाक्याचा शब्दशः अर्थ, पैसे न मिळण्याची वेळ येईपर्यंत माल अडवा, असा विचित्र होतो. मराठीतच त्याला जवळची रचना हवी असेल तर ‘पैसे मिळेपर्यंत माल सोडू नका’ असे म्हणून पाहावे. ‘-ईपर्यंत’ या रूपात ‘नाही’ आपोआप गळते आणि जे उरते ते थेट इंग्रजीत नेता येते. म्हणजे ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ मनात आले की लिहिण्यापूर्वी त्याचे ‘-ईपर्यंत’ करून घ्यावे. चुकीच्या ‘टिल’वर लोक हसतात, पण हा जास्तीचा ‘नॉट’ माल सोडवू शकतो, म्हणून दोहोंत मी याला अधिक घाबरते.

‘दोन दिवसांत’चे ‘इन टू डेज’ करणे ही याच घरातली चूक आहे. इंग्रजी वाचक त्याचा अर्थ बहुधा दोन दिवसांनी असा घेतो; आपल्याला म्हणायचे असते ‘विदिन टू डेज’.

घणसोलीहून:

हे सगळे पटते, तरी एक विचारतो. आपण सगळे ‘टिल’ असेच म्हणत असू आणि एकमेकांना ते कळत असेल, तर त्याला भारतीय इंग्रजी म्हणून मोकळे का होऊ नये? ‘प्रीपोन’ला आता ऑक्सफर्डच्या कोशात जागा आहे.

नौपाडा, ठाणे येथून:

‘प्रीपोन’ला माझा विरोध नाही. ‘पोस्टपोन’च्या उलट अर्थाचा सुटसुटीत शब्द इंग्रजीत नव्हता, ती उणीव त्याने भरली. तो भारतातच जन्मला असेही समजू नये. न्यूयॉर्क टाइम्सला १९१३ साली एका वाचकाने पत्र लिहून नेमका हाच शब्द सुचवला होता. ‘बाय’च्या जागी ‘टिल’ आल्याने मात्र नवे काही मिळत नाही. असलेला भेद पुसला जातो. दोन ठाणेकरांनी आपसात तो पुसला तर बिघडत नाही, कारण दोघांच्याही मनात ‘पर्यंत’ आहे. फेलिक्सस्टोच्या मनात तो नाही.

बेलापूरहून, मूळ प्रश्नकर्ता:

आभारी आहे. आता शेवटचे एक वाक्य. सुट्टीवर जाताना मेलवर जे आपोआप उत्तर लावतो, त्यात मी ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल मंडे’ लिहिले आहे. परीक्षेप्रमाणे ‘सुट्टीवर राहीन’, म्हणून ‘टिल’ बरोबर आहे. पण सोमवारी मी कामावर आहे की नाही?

वाशीहून:

यूसीपी आपल्या सुट्टीला लागू नाही, आणि इंग्रजी माणसेही या वाक्यावर एकमत होणार नाहीत. ‘बॅक ऑन ट्यूजडे’ असे लिहावे.