मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांना ट्यूब शॉकअप बसवायचे का?

घाटातला_मायनर (पुणे)
मंडळी, आजोबांची १९५८ची मायनर १००० आहे, ९४८ सीसीवाली. इंजिन एकदम मस्त चाललंय पण पुढचं नाक होडीसारखं डुलतं, बोनेट दाबून सोडलं की तीन-चार हेलकावे खाऊन मग थांबतं, आणि कात्रज उतरताना खड्डा आला की स्टिअरिंगच हातातून जायला बघतं. डाव्या शॉकअपमधून तेल गळून आतला पत्रा सगळा काळा झालाय. मिस्त्री म्हणतो ही जुनी लिव्हरवाली भानगड (तेलाची डबी आणि तिच्यातून निघालेला हलता हात) काढून फेकू, एखाद्या छोट्या गाडीचे ट्यूब (लांब नळीचे) शॉकअप घेऊ आणि वर पत्र्याला एक अँगल वेल्ड करून टाकू, दोन दिवसांचं काम. करू का?

लेथवाला (कोल्हापूर)
भावा थांब, काहीही काढून फेकू नकोस!! मायनरला वरचा विशबोन (चाक वरून धरणारा आडवा हात) वेगळा नसतोच. शॉकअपचा जो हात आहे ना तोच वरचा लिंक, किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या उभ्या दांड्याचं, वरचं टोक त्यानेच धरलंय. तो काढलास तर चाक उभं राहणार कशावर? म्हणून ट्यूबचं जे किट मिळतं त्यातसुद्धा जुना लिव्हर शॉकअप जागेवरच ठेवतात, फक्त आतला वॉल्व काढतात म्हणजे तो बिजागरीसारखा मोकळा फिरतो, आणि तेल मात्र आत ठेवायचं कारण हात ज्यावर फिरतो त्या शाफ्टला वंगण तेच आहे. आता विचार कर, शाफ्टचा बुशच (आतली बांगडी) गेला असेल तर ट्यूब लावून काय उपयोग, चाक वरच्या बाजूने लुडबुडतच राहणार.

आधी हे बघ. खालच्या आर्मखाली जॅक लाव, चाक अधांतरी कर, टायर वरून-खालून धरून हलव आणि दुसऱ्याला सांग शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे बोट ठेवायला. तिथे खटखट लागली तर शॉकअप खोलून नव्याने बांधून घ्यायचा, दुसरा इलाज नाही. आणि एक जीवावरचं सांगतो, वरचा हात सोडवताना खालचा जॅक हलता कामा नये, टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी सळई) पिळलेला असतो, आर्म सुटला की हात गेलाच म्हणून समज.

लेस्टरकर
काकांशी सहमत, पण मी स्वतः ट्यूब लावलेत आणि खूश आहे म्हणून दुसरी बाजूपण मांडतो. इथे इंग्लंडमध्ये मायनरचा खिळा न् खिळा मिळतो, माझं किट पूर्ण बोल्टचं होतं, वेल्डिंग शून्य. मोटारवेवर फरक जाणवतो, लांबच्या पल्ल्याला लिव्हरचं तेल तापून जो ढिलेपणा यायचा तो गेला. पण तुमच्या मिस्त्रींचा अंदाजे अँगल नको. शॉकअप जितका आडवा तितका तो कमी काम करतो, आणि तेही सरळ हिशोबात नाही, कोसाइनचा वर्ग लागतो. चाकाच्या वर-खाली चालीपासून ३० अंश कलला तर पाऊणच पकड उरते, ४५ला निम्मी! दुसरं म्हणजे चाक पूर्ण लोंबकळत असताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना अशी दोन मापं घ्या, दोन्हीकडे किमान २० मिमी शिल्लक हवी, नाहीतर चाकाची चाल अडवणाऱ्या रबराच्या बंपस्टॉपचं काम बिचारा शॉकअप करत बसतो आणि महिन्यात त्याच्या टोकाचा डोळा (बोल्टची कडी) तुटतो. पातळ पत्र्याला वेल्ड तर अजिबात नाही, तडा जातो. रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे.

लेथवाला (कोल्हापूर)
बरोबर. आणि आपल्याकडे आणखी एक मेख आहे. २०२१च्या नियमात व्हिंटेज म्हणून नोंदवायला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते, चॅसी किंवा बॉडीत बदल चालत नाही. अँगल वेल्ड करून उद्या तिथे कशाला वाद घालत बसायचं.

माझं मत विचारशील तर आधी शॉकअपमध्ये तेल भर. वरची टोपी उघडण्याआधी तारेच्या ब्रशने भोवतीची माती साफ कर, नाहीतर सगळी आतच पडते. बुलेटच्या फोर्कमध्ये घालतात तसलं २० नंबरचं तेल चालतं, ब्रेक ऑइल चुकूनही नको. हात सावकाश वर-खाली कर, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि बाबा रे ट्रनियनला (किंगपिनच्या टोकाच्या आटेवाल्या सांध्याला) ग्रीस मारतोस का? हजार मैलांना एकदा मारायचं असतं. खालच्या ट्रनियनचे आटे झिजले की चाक आत दुमडून गाडी रस्त्यावर बसते, ते शॉकअपपेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

घाटातला_मायनर (पुणे)
काका, रविवारी उघडलं. उजवीकडे तेल जेमतेम तळाला होतं, भरल्यावर बोनेट दीड हेलकाव्यात थांबतंय, विश्वासच बसेना. डावीकडे मात्र तुम्ही म्हणालात तीच खटखट, शाफ्ट बोटाला स्पष्ट लागतो. आणि खालच्या ट्रनियनचा ग्रीस निपल सापडायलाच अर्धा तास गेला, वर रंगाचा थर होता, म्हणजे कोणीतरी न उघडताच रंगवलेला. पिचकारी लावली तर आधी तांबडं पाणी आलं, मग ग्रीस. मिस्त्रीला वेल्डिंग नको म्हणून सांगितलंय, जरा रुसलाय.

डावा शॉकअप काढून तुमच्याकडे कुरिअर केला तर बुश आणि सील कराल का? गाडी तोवर ठोकळ्यांवर उभी ठेवतो.

लेथवाला (कोल्हापूर)
पाठव, जोडीने पाठव पण. एक नवा एक जुना नको. आणि तेल काढून पाठव रे, मागच्या वेळी एकाचं पार्सल अख्खं भिजून आलं होतं.