मदत हवी आहे: अजनी शेडची अप्रेंटिसशिप केली की लोको पायलट होता येतं का?

कामठीची_ताई
नमस्कार मंडळी. लहान भाऊ २० वर्षांचा आहे. दहावीला ७४ टक्के, श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयमधून फिटर ट्रेड पूर्ण, निकाल हातात आहे. त्याला इंजिनच चालवायचंय, दुसरं काही नको. एक क्लासवाला म्हणतो, अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये वर्षभर अप्रेंटिस केली की असिस्टंट लोको पायलट म्हणून थेट घेतात. "सेटिंग"चे वेगळे पैसे मागतोय. हे खरं आहे का? अप्रेंटिस करावी की सरळ परीक्षेची तयारी?

पँटो_वर
ताई, थेट कोणीच घेत नाही. पैसे देऊ नका.

अप्रेंटिसशिप हे १९६१ च्या कायद्याखालचं प्रशिक्षण आहे. वर्ष संपलं की ट्रेड टेस्ट आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, नोकरीची हमी नाही. बाहेरच्या उमेदवाराला असिस्टंट लोको पायलट, म्हणजे एएलपी, फक्त रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून होता येतं. पात्रता दहावी अधिक ठरावीक ट्रेडचा आयटीआय. फिटर त्या यादीत आहे, त्यामुळे भाऊ आजच पात्र आहे. वय १८ ते ३० (२०२५ च्या जाहिरातीप्रमाणे).

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, रेफ्रिजरेशन चालतात. वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) त्या यादीत नाहीत. वेल्डरवाल्यांना हे फॉर्म भरताना कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

इतवारीकर
वरचं बरोबर, पण अप्रेंटिसशिप फुकट जाते असंही नाही. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या (जुनी ग्रुप डी) थेट भरतीत २० टक्के जागा असतात. तिथेही परीक्षा द्यावीच लागते, पण स्पर्धा आपसातली. आत गेल्यावर जीडीसीई, म्हणजे रेल्वेतल्याच कर्मचाऱ्यांसाठीच्या विभागीय परीक्षेतून एएलपी होता येतं. शिक्षणाची अट बाहेरच्यासारखीच, वय मात्र खुल्या गटाला ४२ पर्यंत. हा लांबचा रस्ता आहे, पण रस्ता आहे. तेव्हा दोन्ही करा: अप्रेंटिसचा फॉर्मही भरा आणि एएलपीची जाहिरात निघेल तेव्हा तोही.

नागपुरात दोन रेल्वे आहेत, हे विसरू नका. मध्य रेल्वेचा नागपूर विभाग (मुख्यालय मुंबई) आणि दक्षिण पूर्व मध्य (दपूम) रेल्वेचा नागपूर विभाग (मुख्यालय बिलासपूर). अप्रेंटिसच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात. अजनी शेड मध्य रेल्वेच्या नागपूर क्लस्टरमध्ये येतं, मोतीबाग वर्कशॉप दपूममध्ये. वय १५ ते २४, परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांवर मेरिट. स्टायपेंड मध्य रेल्वेच्या अलीकडच्या जाहिरातींत ७००० रुपये, दपूममध्ये दोन वर्षांच्या ट्रेडला ८०५०.

शेड_नंबर_दोन
मेरिटमध्ये सगळ्यात जास्त गफलत इथे होते: आपल्या एसएससीच्या गुणपत्रिकेवर बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी असते. रेल्वे सगळ्या विषयांचे गुण धरते. ७४ टक्के हे पाच विषयांचे असतील तर सहाही विषयांची बेरीज करून टक्केवारी पुन्हा काढा आणि तीच फॉर्ममध्ये लिहा. पडताळणीत आकडा जुळला नाही की नाव गळतं.

दुसरं, ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर लागतं, राज्याचं चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच "केंद्र शासनाच्या नोकरीसाठी" म्हणून सांगा. एनटी, व्हीजे, एसबीसी हे गट केंद्रात वेगळे नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नाहीतर खुला. आधार, दहावी आणि आयटीआय तिन्हीवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, हे आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आणि अप्रेंटिस एकदाच करता येते. एखाद्या खासगी कारखान्यात आधी करून बसलात तर रेल्वेत अपात्र.

कामठीची_ताई
खूप आभार सगळ्यांचे. परीक्षेचं कसं असतं? आणि अजून एक, त्याला अभ्यासाला बसल्यावर लागणारा अर्ध्या नंबरचा चष्मा आहे. अडचण येईल का?

पँटो_वर
ताई, परीक्षेच्या आधी तो चष्माच बघा.

एएलपीला ए-१, म्हणजे रेल्वेतला सगळ्यात कडक वैद्यकीय दर्जा लागतो. दोन्ही डोळे ६/६, चष्म्याशिवाय. वर फॉगिंग टेस्ट: डोळ्यासमोर +२ ची काच धरतात. निरोगी डोळ्याला धूसर दिसायला हवं. स्पष्ट दिसलं तर लपलेला प्लस नंबर आहे, म्हणजे नापास. ज्यांना "मला तर सगळं स्वच्छ दिसतं" असं वाटतं ते इथेच अडकतात. याशिवाय रंग ओळखणं, रात्रीची आणि अंधुक उजेडातली नजर, दृष्टिक्षेत्र. लेसर करून नंबर घालवायचा विचार असेल तर तो सोडा, लेसिक झालेला उमेदवार एएलपीला कायमचा बाद.

चष्म्याच्या दुकानातलं मशीन पुरे नाही. मेडिकलच्या (जीएमसी) नेत्र विभागात किंवा चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे "रेल्वे ए-१ प्रमाणे" सांगून तपासा. थेंब घालून खरा नंबर काढायला लावा. अर्धा नंबर खरा निघाला तर दोन वर्षं एएलपीच्या मागे घालवू नका.

इतवारीकर
परीक्षेचं थोडक्यात. पहिली सीबीटी (संगणकावरची परीक्षा) ७५ प्रश्न, ६० मिनिटं, ही चाळणी. दुसरीचा भाग अ १०० प्रश्न, ९० मिनिटं. भाग ब ट्रेडचे ७५ प्रश्न, ६० मिनिटं, त्यात ३५ टक्के सगळ्यांनाच हवेत. चुकीला एक तृतीयांश गुण कापतात. पेपर मराठीतही घेता येतो, पण ट्रेडचे शब्द आयटीआयत इंग्रजीत शिकलेले असतील तर मराठीत गोंधळ होतो. आधी दोन्ही वाचून बघा.

मग अॅप्टिट्यूड, सीबीएटी: स्मरण, सूचना पाळणे, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग. पाचही चाचण्यांत वेगवेगळे किमान ४२ टी-स्कोअर (बाकी उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण), कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. चार चाचण्यांत ७० आणि एकीत ४१ आले तरी बाहेर. इथे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे अडून बसण्यापेक्षा वेग ठेवा. शेवटचं मेरिट ७० टक्के भाग अ चं, ३० टक्के सीबीएटीचं. म्हणून भाग अ वरच जीव ओता.

फॉर्म एकाच मंडळाला भरता येतो, दोन ठिकाणी भरला तर दोन्ही रद्द. नागपूरकरांनी डोळे झाकून मुंबई निवडू नये. २०२४ च्या जाहिरातीत बिलासपूर मंडळाकडे दपूमसोबत मध्य रेल्वेच्याही जागा होत्या. जागांचा तक्ता आधी बघा, मग मंडळ ठरवा.

शेड_नंबर_दोन
अप्रेंटिसला शेडमध्ये नुसतं हजेरीपुरतं जाऊ देऊ नका. फिटरच्या वाट्याला ब्रेक रिगिंग, ब्रेक ब्लॉक बदलणं, बोगीची तपासणी येते. ब्रेक पाइपला ५ किलो, फीड पाइपला ६ किलो, मुख्य रिझर्व्हायरला ८ ते १०, हे दाब गेजवर रोज बघितलेल्या पोराला पुढे एएलपीच्या ट्रेनिंगमध्ये ब्रेकचा धडा नवा वाटत नाही.

मेट्रोचाही विचार करणाऱ्यांसाठी: महामेट्रोच्या ट्रेन ऑपरेटरच्या जाहिरातींत डिप्लोमा मागितलेला असतो. नुसत्या आयटीआयवर तिकडे गाडी मिळत नाही.

डोळ्यांचा निकाल उलटा आला तर टेक्निशियन ग्रेड ३ बघा. तोच आयटीआय, पगाराची तीच लेव्हल २, सुरुवातीचं मूळ वेतन एएलपीइतकंच १९,९००. पदानुसार वैद्यकीय वेगळं असतं आणि बी-१ या वैद्यकीय दर्जाच्या पदांना चष्मा चालतो. फॉर्ममध्ये पदांचा क्रम लावायच्या आधी प्रत्येक पदासमोरचा वैद्यकीय दर्जा वाचा.