ख्रिस्ती दांपत्याने दत्तक घेताना खर्चाची सोय कशी करावी?

प्रश्न: आम्ही अहिल्यानगरचे ख्रिस्ती दांपत्य आहोत. आम्हाला कायद्याने मूल दत्तक घेता येईल का, आणि खर्चाला कोठे मदत मिळेल?

उत्तर १: निश्चित येईल. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याने ख्रिस्ती पालकांना केवळ पालकत्व मिळे, जे मूल सज्ञान होताच संपे. ही वेदना आमच्या आधीच्या पिढीने सोसली. बाल न्याय कायद्याने धर्माची अट राहिली नाही आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच करावी.

उत्तर २: शुल्क नियमांनी ठरलेले असते, त्यापलीकडे कोणी देणगी मागितल्यास ती मुळीच देऊ नये. आम्हाला चर्चच्या मंडळीतील पतपेढीने कर्ज दिले, म्हणून आधी आपल्या पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) मोकळेपणाने बोलावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. येत्या रविवारीच पाळकसाहेबांना भेटतो.