'द क्रिस्टल वर्ल्ड' पुढे वाचू की सोडू?

खडीसाखर: जे. जी. बॅलार्डची ही १९६६ ची कादंबरी हातात घेतलीय. डॉ. सँडर्स कॅमेरूनच्या बंदरात उतरलाय, आणि नुसती कुजबुज चाललीय. जंगलाचे स्फटिक होताहेत म्हणे, पण दिसत तर काहीच नाही! पुढे काही घडतं का? शेवट फोडू नका हं.

रानभाजी: नेट लावा ताई, मगर येईपर्यंत तरी. अंगभर स्फटिक चढलेली, आणि जिवंत! मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण इथे पेशीबिशी शोधायला जाऊ नये. बॅलार्डचं म्हणणं, विश्वातला काळच गळतोय. तो संपत आला की प्रत्येक वस्तू स्वतःच्याच प्रती काढत सुटते. थांबलात की तुमच्यावरही थर चढणार, म्हणून पळत राहायचं. खरी रत्नं अंगाला लावली तर स्फटिक वितळतात. शास्त्र म्हणून शून्य, पण वाचताना पटतं बुवा.

टवाळ: मला नाही पटलं. पात्रं पुठ्ठ्याची आहेत. त्यापेक्षा त्याची १९६२ ची 'द ड्राउन्ड वर्ल्ड' घ्या, पाण्याखालचं लंडन आहे त्यात.

रानभाजी: पुठ्ठ्याची? सँडर्स कुष्ठरुग्णांच्या इस्पितळातला डॉक्टर आहे, हे ध्यानात ठेवून वाचा की राव. अंग झडवणारा रोग एकीकडे, अंग मढवणारा दुसरीकडे. जंगलाची ओढ त्याला उगाच लागत नाही.

खडीसाखर: बरं, मगरीपर्यंत जाते.