मदत हवी आहे: नागपूरहून चुनखडीची गुहा बघायची आहे. कुटुमसर की बोर्रा?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. भूगोलात लवणस्तंभ (गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून साचलेले चुन्याचे खांब) आले आणि तेव्हापासून "खरे दाखव" असा धोशा लावलाय. मी म्हटलं, अजिंठा-वेरूळ झालंय ना आपलं? तर म्हणे, "ती लेणी माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरलीत. मला पाण्याने केलेली गुहा पाहिजे." आता काय बोलणार!

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं म्हणतो. दोन नावं डोक्यात आहेत. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसर, म्हणजे रायपूरवरून जगदलपूर, आपल्या गाडीने. नाहीतर अरकूजवळची बोर्रा, त्यासाठी समता एक्स्प्रेसने विशाखापट्टणम.

अडचण आईची. वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात. पचमढीला जटाशंकरच्या पायऱ्या चढून वर येताना तीनदा बसली होती. पण घरी ठेवून जायचा विषय काढला की जेवत नाही. आणि खरं सांगायचं तर लिफ्ट दोन मिनिटं अडकली तरी मला घाम फुटतो. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही.

कोणी जाऊन आलंय का? आत कितपत वाकावं लागतं, उजेड असतो का, तेवढं सांगा.

सीताबर्डीकर: ताई, कुटुमसरला आईंना नेऊ नका. तोंड म्हणजे खडकातली फट आहे, अंग चोरून आत उतरायचं. विजेचे दिवे नाहीत, गाइडच्या दिव्यामागे चालायचं. डिसेंबरातही आत दमट, शर्ट ओला होतो. पोरीला मात्र नक्की न्या. तिथल्या पाण्यात आंधळे मासे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून डोळे निकामी झालेले. पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून गुहा बंद असते, डिसेंबरात चालू. तुम्ही आईंसोबत तीरथगडच्या धबधब्याकडे थांबा. तुमची लिफ्टची अडचणही झाकली जाईल!

लिंबूसरबत: बोर्रा अगदी उलट. तोंडच एवढं मोठं की घुसमटायचा प्रश्न नाही. आत रंगीत दिवे (मला ते लग्नाच्या मांडवासारखे वाटले, पण पोरांना आवडतात). पायऱ्या आहेत, ओल्या असतात, तेव्हा आईंना चपला नको, पकड असलेले बूट द्या. आत उंचावर शिवलिंगासारखा एक स्तंभ आहे, तिथवर जिना चढावा लागतो, तो गुडघेवाल्यांनी सोडावा. बाहेर माकडं आहेत, पिशवीत संत्री ठेवू नका, हे अनुभवाचे बोल.

खडूफळा: राजेहो, दोन्ही होतात की. किरंदुल-विशाखापट्टणम गाडी जगदलपूरवरूनच जाते. आपली कार घरीच ठेवा आणि जगदलपूरहून पुढे रेल्वेने जा. ती बोर्राला पोचेपर्यंत दुपार कलते, म्हणून आधी अरकूला उतरून मुक्काम करा आणि सकाळी गुहा बघा. परतीला विशाखापट्टणमहून समता आहेच.

लेकीला एक दाखवा: बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढतो तो पांढरा थर. लवणस्तंभाचा माल तोच. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी विरघळवतं, गुहेत ठिबकताना तो वायू उडून जातो आणि चुना मागे राहतो. स्तंभाला हात मात्र लावू देऊ नका. हाताचं तेल बसलं की तिथे पुढचा थर नीट धरत नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. खडूफळा म्हणतात तसंच करतो, जाताना जगदलपूर, येताना समता. कुटुमसरमध्ये लेक आणि तिचे बाबा उतरतील. गिझरची कॉइल बघून झाली, ती आता वहीत चिकटवायला खपली खरवडून मागतेय.

फक्त एक घोळ झाला. आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, "आत शिवलिंग आहे आणि मी खालूनच नमस्कार करू?" त्या जिन्याला धरायला कठडा आहे का हो?